शेवटच्या बाकापर्यंत

(दृश्य: वरळी, संध्याकाळ. भुयारी मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरून वर येणारी माणसं. स्थानकाची पाटी: ‘आचार्य अत्रे चौक’.)

मे २०२५ पासून मुंबईच्या भुयारी मेट्रोत हे नाव रोज पुकारलं जातं. दारं उघडतात, माणसं घाईनं उतरतात, जिना चढून वरळीच्या रस्त्याला लागतात. याच रस्त्यावर ‘शिवशक्ती’ ही इमारत उभी राहिली. अत्र्यांचं घर तिथंच आणि त्यांच्या ‘मराठा’ दैनिकाचं कार्यालयही तिथंच.

प्रल्हाद केशव अत्रे. कवी, हेडमास्तर, नाटककार, चित्रपट निर्माता, संपादक, आमदार. एवढे धंदे एका जन्मात करणाऱ्या माणसाला लोक सहज धरसोड म्हणतील. आम्ही त्यांच्या वाटेनं सासवडपासून निघालो, तेव्हा आम्हाला वेगळंच दिसलं. हा माणूस आयुष्यभर एकच काम करत होता. ते काम मास्तरकीचं.

(दृश्य: सासवड. कऱ्हेचं पात्र, मागे पुरंदरचा डोंगर.)

सासवडजवळच्या कोडीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. संत सोपानदेवांची समाधी असलेलं सासवड, कऱ्हा नदी आणि डोक्यावर पुरंदर. शिकायला पुण्याला आलेल्या प्रल्हादला कवितेचं वेड लागलं ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. गडकरी त्याचे गुरू. ते १९१९ मध्ये गेले. शिष्य मागे राहिला, ‘केशवकुमार’ हे टोपणनाव घेऊन.

आणि या केशवकुमारानं काय केलं? त्या वेळच्या कवितेचं विडंबन. पुण्यात रविकिरण मंडळ या कवींच्या गटाचा बोलबाला होता. प्रेमकविता, सुनीतं, चहापानाच्या बैठका आणि काव्यगायन. अत्र्यांच्या संग्रहाचं नाव होतं ‘झेंडूची फुले’. गुलाब नाही, मोगरा नाही. दसऱ्याला दाराच्या तोरणात असतो तो झेंडू. त्यातल्या ‘प्रेमाचा गुलकंद’मध्ये प्रियकर रोज नेमानं गुलाब देत राहतो आणि शेवटी त्या गुलाबांचा बरणीत गुलकंद झालेला असतो. वाचणारा हसून लोळतो. पण हसता हसता त्याला एक गोष्ट कळते: कविता कुठं खरी असते आणि कुठं नुसती फुगवलेली असते. वृत्ताचं, यमकाचं, कवीच्या लकबीचं एवढं अचूक निरीक्षण कविता जीव लावून वाचणाऱ्यालाच जमतं. विडंबनकार म्हणून अत्र्यांची गणना हलक्याफुलक्यात करणाऱ्यांचं आम्हाला म्हणूनच पटत नाही.

दिवसा ते पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकवत. लष्कर भागातली शाळा, कष्टकऱ्यांची मुलं. तिथं ते मुख्याध्यापक झाले, मग लंडनला जाऊन १९२८ मध्ये शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मुलांच्या हातात जी क्रमिक पुस्तकं आहेत, ती मुलांसाठी लिहिलेलीच नाहीत. मग ‘नवयुग वाचनमाला’ तयार झाली. पानापानावर गोष्टी, कविता, बोलीतली सोपी वाक्यं. महाराष्ट्रातली किती तरी मुलं या धड्यांवर वाचायला शिकली.

वर्गात शेवटच्या बाकावर बसणारं मूल असतं ना, ज्याला ऐकू येतं की नाही याची कुणी चौकशी करत नाही? अत्र्यांचं वाक्य त्या मुलासाठी असायचं. पुढे वर्ग बदलत गेला, एवढंच.

नाटकांचं थोडक्यात सांगू. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ आलं, पाठोपाठ ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’. मराठी रंगभूमीला तेव्हा बोलपटानं घेरलं होतं आणि अत्र्यांच्या विनोदानं प्रेक्षक पुन्हा थिएटरात आणला. पुढे १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ आलं. फिरता रंगमंच आणि पाच रूपांतले प्रभाकर पणशीकर यांविषयी मराठी घरांत नव्यानं सांगायची गरज नाही.

सिनेमाकडे मात्र थांबावं लागेल.

(दृश्य: कृष्णधवल चौकटी. कोकणातलं अंगण, तुळशीवृंदावन.)

आधी त्यांनी मास्टर विनायकांसाठी ‘ब्रह्मचारी’सारखे हसवणारे चित्रपट लिहिले होते. १९५३ मध्ये त्यांनी स्वतः काढला ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं होतं. १९५० च्या जूनमध्ये गुरुजी गेले. चित्रपट पाहायला ते नव्हते.

आईच्या भूमिकेसाठी अत्र्यांनी वनमालाबाईंना निवडलं. ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासोबत झळकलेली ही देखणी नटी इथं साध्या लुगड्यात आली. श्याम झाला माधव वझे हा लहान मुलगा. संगीत वसंत देसाईंचं. न्हाऊन आलेल्या मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, आणि सांगते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. पुस्तकातला हा प्रसंग ज्यांनी वाचला नव्हता, ज्यांना वाचताच येत नव्हतं, अशा आया-बाया पडद्यासमोर बसून डोळे पुसत होत्या. पुस्तक जिथं पोहोचलं नव्हतं, तिथं सिनेमा गेला.

त्याच वर्षापासून देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ‘श्यामची आई’ला. एका मराठी चित्रपटाला.

लगेच त्यांनी ‘महात्मा फुले’ हाती घेतला. जानेवारी १९५४ मध्ये त्याचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. ज्या काळात जोतीरावांचं नाव पाठ्यपुस्तकांत आणि सभांत क्वचितच निघे, त्या काळात त्यांच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा, हा निर्णय धंद्याच्या हिशेबानं होत नाही. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं.

(दृश्य: छापखाना. शिशाचे खिळे, ओल्या शाईचं पान.)

१ नोव्हेंबर १९५६. मुंबई, गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सगळं एकत्र करून द्वैभाषिक राज्य आलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबारात माणसं गेली होती, आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळाला नव्हता. दोनच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केलं. ‘नवयुग’ साप्ताहिक ते १९४० पासून चालवत होतेच. पण चळवळीला रोज सकाळी बोलणारा माणूस हवा होता. गिरणीतला कामगार पाळी सुटल्यावर नाक्यावर उभा राहून ‘मराठा’ वाचायचा, एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अग्रलेख भाषणासारखा आणि शिवाजी पार्कवरचं भाषण अग्रलेखासारखं. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ही त्यांची अतिशयोक्ती लोकांच्या तोंडी बसली ती तिथूनच.

‘मराठा’ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना ६ डिसेंबर उजाडला. बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी लाखोंचा जमाव होता. बोलायला उभे राहिले अत्रे. ज्यांचा बाप गेला होता अशा माणसांसमोर बोलायचं होतं. त्यानंतर त्यांनी ‘मराठा’त बाबासाहेबांवर अग्रलेखांची मालिका लिहिली. आजही ती वाचताना जाणवतं, की हा मजकूर घाईनं लिहिलेला आहे आणि तरीही एकही ओळ उसनी नाही.

एक गोष्ट लपवू नये. अत्र्यांची लेखणी अनेकदा मर्यादा सोडायची. कादंबरीकार ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद साहित्यापुरता राहिला नाही. प्रतिपक्षाच्या माणसांवर त्यांनी जे शब्द फेकले, त्यांतले काही आज वाचताना खटकतात. चळवळीच्या आवेशात ते क्षम्य होतं, असं म्हणून आम्ही ते झटकणार नाही.

पण हाच माणूस १९६४ मध्ये काय करतो, तेही पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर सर्वांत जास्त आग पाखडली ती या मुलुखमैदान तोफेनं. २७ मेला नेहरू गेले, आणि ‘मराठा’त अत्र्यांनी त्यांच्यावर दिवसामागून दिवस लिहिलं. ‘सूर्यास्त’ नावानं ते लेख पुढे पुस्तकात आले. भांडण खरं होतं आणि दुःखही खरं होतं.

(दृश्य: पुन्हा सासवड. पाऊस. शाळेची खिडकी.)

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे गेले. ‘कऱ्हेचे पाणी’ हे आत्मचरित्र खंडांमागून खंड लिहूनही अपुरंच राहिलं.

केशवकुमारांची एक कविता मात्र वर्गावर्गांत म्हटली गेली. आजीकडे एक चमत्कारिक घड्याळ आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही, ते कधी बिघडत नाही. कोंबडा आरवला की तिला वेळ कळते, उन्हाची तिरीप सरकली की कळते. आणि ते घड्याळ तिनं कुठं ठेवलंय, हे नातवंडांना काही केल्या सापडत नाही.

(वर्गातून मुलांचा एकत्र आवाज. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, ओठ हलताहेत.)