ज्याच्या शब्दावर गाडी निघाली

नमस्कार श्रोतेहो.

टोकियोच्या उत्तरेला सायतामा नावाचा प्रांत आहे आणि त्यात कुमागाया नावाचे शहर. १७ फेब्रुवारी २००८, रविवार. मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीतले काही ड्रायव्हर दुपारपासून प्यायला बसले होते. संध्याकाळी त्यांना आणखी एका ठिकाणी जायचे होते, पण ते उघडायला अजून अवकाश होता. त्यांच्यातल्या एकाची गाडी बाहेर उभी होती. नोकरीत तो कनिष्ठ. त्याने दोघा वरिष्ठांना विचारले, ‘वेळ आहे ना अजून, एक चक्कर मारून येऊ या का?’ एक जण ‘चला’ म्हणाला, दुसऱ्याने मान डोलावली, आणि दोघे गाडीत बसले. थोड्याच वेळात ती गाडी भरधाव जाऊन समोरून येणाऱ्या गाड्यांवर आदळली. दोन माणसे गेली, चौघे जखमी झाले.

चालवणाऱ्याला १६ वर्षांची शिक्षा झाली. त्या दोघा वरिष्ठांनाही प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली. त्यांनी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१३मध्ये न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: हे दोघे त्याला काम शिकवणारे, त्याच्यापेक्षा मोठे. तो किती प्यायला आहे हे त्यांना दिसत होते. त्याने त्यांची मर्जी विचारली, त्यांनी रुकार दिला, म्हणून गाडी निघाली. पुढे गाडी वेगात जात असतानाही ते गप्प बसून राहिले. त्या रुकाराने आणि त्या गप्प बसण्याने त्याचा इरादा पक्का झाला, म्हणून ते गुन्ह्याचे साहाय्यक ठरले.

हा निकाल मी सुरुवातीलाच सांगितला, कारण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर गाडीतल्या इतरांनाही कायद्याने जबाबदार धरावे का, हा आपला आजचा विषय आहे. माझे उत्तर त्या निकालातच आहे. गाडीत बसलेल्या सगळ्यांना एका दावणीला बांधू नये. ज्याच्या शब्दाला वजन होते, ज्याच्या ‘हो’मुळे गाडी निघाली किंवा ज्याच्या ‘नाही’ने ती थांबली असती, त्याला मात्र सोडू नये.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच कायद्यात तीन कलमे पुढे, १८८वे कलम आहे. बेदरकारपणे गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे, शरीर किंवा मन ठीक नसताना चालवणे, या गुन्ह्यांना जो अपप्रेरणा देईल त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, असे ते सांगते. म्हणजे नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको, दार पहिल्यापासून उघडे आहे. हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी या कलमाचा आधार घेऊन सहप्रवाशांवर कारवाई केली. आपल्या ठाणे शहरातही थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत वाहतूक पोलिसांनी सहप्रवाशांना या कलमाखाली धरले.

इथेच मला थोडे थांबायचे आहे. नाकाबंदीत हवालदार ब्रेथ ॲनालायझरची नळी खिडकीतून आत सरकवतो. चालवणाऱ्याला ‘जोरात फुंका’ म्हणतो. आकडा येतो. गाडीत आणखी तिघे बसलेले आहेत. त्यांच्यापैकी कोणी गाडीची किल्ली दिली, कोणी ‘तूच घे, मला झोप येतेय’ म्हटले, आणि कोणी ‘अरे नको, रिक्षा करू’ म्हणून दहा मिनिटे भांडले, हे त्या यंत्रावर उमटत नाही. अपप्रेरणा म्हणजे चिथावणी, कटात सामील होणे किंवा जाणूनबुजून मदत करणे. भारतीय न्याय संहितेचे ४५वे कलम हेच सांगते. नुसते गाडीत असणे यात बसत नाही. मग पावती फाडायची कशाच्या आधारावर? सरसकट तिघांनाही धरले, तर भांडणारा आणि भरीला घालणारा सारखेच ठरतात.

जपानने हा प्रश्न मुळातून सोडवायचा प्रयत्न केला. २५ ऑगस्ट २००६च्या रात्री फुकुओका शहरात एका पुलावर दारू प्यायलेल्या तरुणाने पुढच्या गाडीला मागून जोराची धडक दिली. तो महापालिकेचा कर्मचारी होता. पुढची गाडी कठडा तोडून समुद्रात पडली. आईवडील वाचले, पण त्यांची तीन लहान मुले बुडून गेली. सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि १९ सप्टेंबर २००७पासून तीन नव्या लोकांना स्वतंत्र शिक्षा ठरली: प्यायलेल्याला गाडी देणारा, गाडी चालवणार हे माहीत असून दारू पाजणारा, आणि त्याच्या गाडीत बसणारा. गाडी देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. चालवणारा पार झिंगलेला असेल, तर बसणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. तिथली श्वासातल्या अल्कोहोलची मर्यादा हिशेबाने आपल्या ३० मिलिग्रॅमच्याच बरोबरीची आहे.

पण त्या कायद्याची शब्दरचना बघा. नुसते बसणे त्यात गुन्हा नाही. चालवणारा प्यायलेला आहे हे माहीत असले पाहिजे, आणि ‘मला सोड’ अशी मागणी किंवा विनंती केलेली असली पाहिजे. दोन्ही सिद्ध झाले तरच शिक्षा. बस-टॅक्सीतल्या प्रवाशांना वगळले आहे. जपानमध्ये त्यानंतर दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात खूप कमी झाले. त्याचे सगळे श्रेय या एका कलमाला देणे बरोबर नाही, कारण चालवणाऱ्याच्या शिक्षाही त्या काळात वाढत गेल्या होत्या. शिवाय तिथे एक सोय आहे. फोन केला की दोन माणसे येतात, एक तुमची गाडी तुमच्या घरी आणतो आणि दुसरा त्याला परत न्यायला मागून दुसरी गाडी घेऊन येतो. या सेवेसाठी तिथे वेगळा कायदाही आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याला घरी जायची वाट असावी लागते, एवढे तरी यातून घेण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे या. १९ मे २०२४ची पहाट, पुण्याचे कल्याणीनगर. मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण इंजिनिअर मोटारसायकलवरून जात होते. एका भरधाव महागड्या गाडीने दोघांचा जीव घेतला. गाडी एक अल्पवयीन मुलगा दारू पिऊन चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. दारू लपावी म्हणून त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. पण त्यातला एक भाग मागे पडला. मागच्या सीटवर बसलेल्या मुलांच्याही रक्ताचे नमुने बदलले गेले, असा पोलिसांचा आरोप आहे आणि त्यासाठीही अटका झाल्या. मागे बसलेल्याच्या रक्तात काय आहे याने काही फरक पडत नसेल, तर ते बदलायची गरज कोणाला का वाटावी?

त्याच गाडीत आणखी एक जण होता. पगारी ड्रायव्हर. गाडी चालवणे हे ज्याचे काम, तो बाजूला बसला होता आणि मालकाचा मुलगा चालवत होता. दोन महिन्यांच्या आतच, ७ जुलै २०२४ला वरळीत असेच घडले. पहाटे स्कूटरवरून नवऱ्याबरोबर जाणाऱ्या एका बाईला गाडीने उडवले, फरफटत नेले. तिथेही पोलिसांच्या म्हणण्यानुसार मालकाचा मुलगा चालवत होता आणि कुटुंबाचा ड्रायव्हर शेजारी बसला होता. दोन्ही प्रकरणे न्यायालयात आहेत, तेव्हा कोण दोषी हे मी बोलणार नाही. मला दिसते ती त्या शेजारच्या सीटची अवस्था. ‘साहेब, तुम्ही प्यायलात, मी चालवतो’ हे वाक्य त्या ड्रायव्हरने म्हटले तर दुसऱ्या दिवशी नोकरी राहील का? पुण्यात तर गुन्हा आपल्या अंगावर घे म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोप झाला. कुमागायातले वरिष्ठ नकाराची मान हलवून गाडी थांबवू शकत होते. या पगारी माणसाच्या शब्दाला तेवढे वजन नव्हते. दोघांना एकच कलम एकाच पद्धतीने लावले, तर श्रीमंत घरातल्या गुन्ह्याची शिक्षा पुन्हा नोकरालाच भोगावी लागेल.

आणि हे फक्त श्रीमंत घरांत घडते असे नाही. कोणत्याही लग्नाची वरात आठवा. मंगल कार्यालयाच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला पुरुष मंडळींचे ‘बसणे’ झालेले असते. रात्री साडेअकराला बायका उरलेल्या बुंदीची पिशवी आणि झोपलेली पोरे घेऊन जीपपाशी उभ्या असतात. ‘भावोजी, आज तुम्ही नका चालवू, सकाळी निघू,’ असे एखादी वहिनी हळू आवाजात म्हणते. ‘मला रोजचा रस्ता आहे. बस तू मागे,’ असे उत्तर येते. शेजारी उभे असलेले मामा, ज्यांचा शब्द भावोजी कधी मोडत नाहीत, म्हणतात, ‘काही होत नाही गं, सवय आहे त्याला. चल रे, काढ गाडी.’

सकाळी ती जीप खड्ड्यात सापडली, तर सरसकट कारवाई करणाऱ्याच्या नजरेत वहिनी आणि मामा सारखेच सहप्रवासी असतील. मला हे मान्य नाही. रात्री परक्या गावात, ना एसटी ना रिक्षा, कडेवर पोर, अशा बाईला ‘तू उतरली का नाहीस’ असे कोणत्या तोंडाने विचारायचे? ती विरोध करून बसली आहे. पण मामांना विचारायलाच हवे. त्यांनी गाडी ‘काढ’ म्हटले म्हणून ती निघाली. आणि किल्ली त्यांच्या खिशात असेल, गाडी त्यांच्या नावावर असेल, तर चालवणाऱ्याइतकीच शिक्षा त्यांनाही मिळायला हवी. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर २०१९पासून कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला दोषी धरता येते, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्यायलेल्या सज्ञान माणसाच्या हातात किल्ली देणाऱ्याला तेवढ्या स्पष्टपणे कुठेही पकडलेले नाही. ही उणीव आधी भरून काढा, असे माझे म्हणणे आहे.

या मागणीला एक वजनदार हरकत आहे आणि ती वकील मंडळी नेहमी घेतात. अपघात झाला की चालवणारा कोण होता, किती प्यायला होता, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस बहुतेक वेळा गाडीतच असतो. सहप्रवाशाला आरोपी केले की तो साक्षीदार राहत नाही. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाप्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. शिवाय धरले जाऊ या भीतीने तो जखमीला रस्त्यावर टाकून पळेल. ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. बांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. तेव्हाही चालवणाऱ्याचे मित्र गाडीत होते. खटला सर्वोच्च न्यायालयात संपायला जानेवारी २०१२ उजाडला. अशा खटल्यांत आतल्या माणसाची साक्ष फार मोलाची असते.

म्हणूनच कायद्यात सुटकेची वाटही लिहून ठेवावी. जो उतरला, ज्याने किल्ली काढून घ्यायचा प्रयत्न केला, ज्याने वाटेत किंवा अपघातानंतर लगेच पोलिसांना कळवले, जखमीजवळ थांबला आणि खरे सांगितले, त्याला आरोपी करू नये. पगारी नोकर, अल्पवयीन मुले, घरातल्या दबावाखाली बसलेली माणसे यांच्याबाबत, त्यांनी चिथावले असे सिद्ध करायची जबाबदारी पूर्णपणे सरकारी पक्षावर असावी. इंग्लंडमध्ये आणखी एक मार्ग आहे. प्यायलेल्याच्या गाडीत जाणूनबुजून बसून जखमी झालेल्याची नुकसानभरपाई न्यायालय कमी करते. १९७६च्या एका प्रसिद्ध खटल्यात ती २० टक्क्यांनी कापली. तो मार्ग इथे आणू नये. आपल्याकडे भरपाईवर पुष्कळदा विधवेचे आणि पोरांचे पोट असते.

श्रोतेहो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज रात्री कोणाच्या तरी घरची गाडी अशी निघणार आहे. तुम्ही त्या घोळक्यातले मोठे असाल, मामा, साहेब, थोरले दादा कोणीही, तर तुमचे ‘काढ गाडी’ आजच्या १८८व्या कलमातही बसू शकते, हे माहीत असू द्या. तुम्ही लहान असाल, तर वाद घालत बसू नका. उलटीचे, लघवीचे, कसलेही निमित्त करून गाडी थांबवायला लावा, किल्ली काढून घ्या, आणि ते जमले नाही तर ११२ला फोन करून गाडीचा नंबर आणि दिशा सांगा. आपलाच माणूस अडकेल म्हणून फोन करायचे टाळले जाते. पण तो नाकाबंदीत सापडला तर पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि दहा हजार. कोणाचा जीव गेला आणि सदोष मनुष्यवधाचे कलम लागले, तर दहा वर्षांपर्यंत.

नमस्कार.