टोकियोत शनिवार-रविवार, एकटीने

श्रोतेहो, नमस्कार.

कामानिमित्त जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या अनेक अभियंत्यांचा मुक्काम टोकियोत नसतो, तर नागोया किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या गावात असतो, कारण मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने त्या पट्ट्यात एकवटलेले आहेत. माझाही मुक्काम तिथेच होता. आठवडा कारखान्यात जातो, शनिवार-रविवार मात्र मोकळे असतात, आणि नागोयाहून टोकियो शिंकानसेनने, म्हणजे तिकडच्या अतिवेगवान गाडीने, पावणेदोन तासांच्या आत गाठता येते. बरोबरची मंडळी कपडे धुणे, झोप आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉल यांतच सुटी घालवणार असतील, तर एवढ्या अफाट शहरात एकट्याने जावे की न जावे, हा प्रश्न उरतो. माझे मत असे आहे की जावे, आणि शक्यतो एकट्यानेच जावे. चौघे मिळून गेले की अडल्यावर चौघे एकमेकांनाच विचारत राहतात. एकट्या माणसाला मात्र परक्याला विचारावे लागते. हा मुद्दा मी पुन्हा सांगते, कारण आजचे बोलणे त्याच्याभोवतीच आहे: एकट्या माणसाला विचारावे लागते. ज्यांना परदेशात सकाळी पोहे आणि रात्री आमटी-भात समोर येईपर्यंत चैन पडत नाही, त्यांनी खुशाल स्वयंपाकी बरोबर घेऊन जाणाऱ्या सहलीत नाव नोंदवावे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, फक्त त्यांनी परत आल्यावर आम्ही जपान पाहिला असे फार जोरात सांगू नये.

तयारीचे थोडक्यात सांगते. स्थानकावर सुईका किंवा तसलेच एखादे कार्ड घ्यावे, म्हणजे लोकल, मेट्रो आणि बस या सगळ्यांना ते चालते. सामान नाण्यांच्या लॉकरमध्ये टाकावे. नंतर यामानोते नावाची वर्तुळाकार लोकल ओळखून ठेवावी. ही 34.5 किलोमीटरची फेरी आहे, तिच्यावर 30 स्थानके आहेत, आणि साधारण तासाभरात गाडी पुन्हा निघाल्या जागी येते. त्यामुळे उलट दिशेची गाडी पकडली तरी उशीर होतो, पण माणूस हरवत नाही. मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात, हे लक्षात ठेवावे. शाकाहारी माणसाने एवढे जाणून असावे की साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशांचा अर्क असू शकतो. खारवलेले उमे फळ आत घातलेला भाताचा त्रिकोणी ओनिगिरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि त्यावर दुपार निघते.

आता पत्त्यांविषयी, कारण हे समजल्याशिवाय पुढची हकिकत समजणार नाही. टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता रस्त्याने नव्हे, तर जागेने सांगतात: आधी वॉर्ड, मग वस्ती, मग त्या वस्तीचा क्रमांकित विभाग, मग चारी बाजूंनी रस्ते असलेला एक गट, आणि शेवटी घराचा क्रमांक. पूर्वी जमिनीच्या नोंदीचाच क्रमांक पत्ता म्हणून वापरत, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांच्या क्रमांकांचा एकमेकांशी काही संबंध नसे. 1962 च्या कायद्याने नवी पद्धत आणली. तिच्यात गटाच्या कडेने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ठराविक अंतरावर क्रमांक धरले जातात आणि घराचे दार ज्या टप्प्यात उघडते तो त्या घराचा क्रमांक होतो. याचा परिणाम असा की दोन लहान घरांची दारे एकाच टप्प्यात उघडत असतील, तर दोन्ही घरांचा क्रमांक एकच असू शकतो. हे नीट लक्षात ठेवा, श्रोतेहो: दोन घरे, क्रमांक एक.

पुण्याहून निघताना आमच्या शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी माझ्याकडे एक पुडके दिले होते. त्यात खणाचे कापड होते आणि एक चिठ्ठी होती. टोकियोत माझी जुनी मैत्रीण आहे, तिला हे नेऊन दे, एवढेच बाईंनी सांगितले, आणि पत्ता म्हणून त्या मैत्रिणीच्या एका पत्राच्या पाकिटाचा मागचा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. त्यावर पत्ता आणि नाव दोन्ही जपानी लिपीत होते. बाई फोन करणाऱ्यांतल्या नाहीत, पत्र टाकणाऱ्यांतल्या आहेत; मी केव्हातरी शनिवारी येईन असे त्यांनी आधीच कळवून ठेवले होते.

पत्ता यानाका भागातला निघाला. यामानोतेच्या निप्पोरी स्थानकावरून चालत जाता येईल अशी ही जुनी वस्ती आहे. 1923 च्या भूकंपात आणि 1945 च्या बाँबवर्षावात टोकियोचा फार मोठा भाग जळून गेला, त्यातून यानाका बऱ्याच अंशी वाचले, म्हणून तिथे आजही अरुंद गल्ल्या, लाकडी घरे आणि जागोजागी देवळे दिसतात. तिथल्या मोठ्या दफनभूमीत जपानचा शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिनोबू याची समाधी आहे. मी ती पाहिली, बाजाराच्या गल्लीतून हिंडले आणि दुपार कलल्यावर पुडके घेऊन पत्ता शोधायला निघाले.

फोनने मला एका गल्लीत आणून सोडले आणि तुम्ही पोहोचलात असे जाहीर केले. समोर दोन घरे होती, अगदी भिंतीला भिंत लागून, आणि दोन्हींवर माझ्या तुकड्यावरचाच क्रमांक होता. जपानी घरांच्या दाराशी आडनावाची पाटी असते, म्हणून मी तुकड्यावरच्या आडनावाची अक्षरे एका पाटीशी ताडून पाहिली, ती जुळेनात. दुसऱ्या पाटीशी ताडून पाहिली, तीही जुळेनात. फोन तर आपले काम झाले असे समजून गप्प बसला होता. बरोबर कोणी असते तर आम्ही दोघींनी तिथेच उभे राहून वाद घातला असता आणि पुडके बहुधा पुण्याला परत गेले असते. मी एकटी होते. एकट्या माणसाला विचारावे लागते.

गल्लीच्या तोंडाशी तांदळाच्या खारट चकत्या भाजून विकणारे एक दुकान होते. दुकानदारीणबाईंना मी कचेरीच्या वर्गात शिकलेल्या माझ्या मोडक्या जपानीत विचारले. त्यांनी चष्मा चढवून तुकडा वाचला, या आडनावाचे इथे कोणी नाही असे ठामपणे सांगितले, आणि मग माझा चेहरा पाहून दुकान तसेच टाकून मला कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत घेऊन गेल्या. या छोट्या चौक्यांना तिकडे कोबान म्हणतात, आणि पत्ता सांगणे हे तिथल्या पोलिसाच्या रोजच्या कामांपैकी एक मोठे काम असते. तिथल्या तरुण पोलिसाने घरागणिक आडनाव छापलेले नकाशाचे जाडजूड पुस्तक उघडले, बोट फिरवत तो गट काढला, आणि तोही म्हणाला की क्रमांक आहे, पण आडनाव नाही. मग त्याने टोपी घातली आणि आम्ही तिघेही त्या दोन घरांपुढे येऊन उभे राहिलो.

आमचे बोलणे ऐकून उजवीकडच्या घरातून एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. पोलिसाने त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी मान हलवली. मी काहीतरी बोलायचे म्हणून सांगितले की मी भारतातून आले आहे. त्यासरशी त्या गृहस्थांचा चेहरा उजळला, त्यांनी एकदम शेजारच्या घराकडे हात केला आणि पोलिसाला भराभर काही सांगू लागले. मला जेवढे कळले ते असे: दोन्ही घरांचा क्रमांक एकच असल्यामुळे भारताचे तिकीट लावलेली पत्रे कित्येक वर्षे चुकून त्यांच्या पेटीत पडत होती, आणि ते ती मुकाट्याने शेजारी नेऊन देत होते. आडनाव का जुळत नव्हते, त्याचा उलगडाही तिथेच झाला. जपानच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नवराबायकोला एकच आडनाव घ्यावे लागते, आणि ते बहुतेक वेळा नवऱ्याचेच असते. आमच्या बाईंची मैत्री मात्र लग्नाआधीची, म्हणून पत्रांवर अजूनही माहेरचेच आडनाव चालत आले होते. पाटीवर सासरचे, पाकिटावर माहेरचे, आणि क्रमांक दोघांचा एक!

शेजारीणबाई घरी नव्हत्या. त्या सार्वजनिक स्नानगृहात गेल्या आहेत, आता येतील, असे गृहस्थ म्हणाले. मी थांबते म्हटल्यावर कोणीच गेले नाही. दुकानदारीणबाई थांबल्या, पोलीस थांबला, समोरच्या घरातली एक बाई झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने बाहेर आली आणि झाडे भिजून गेली तरी पाणी घालत राहिली. तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून, हातात लहानशी बादली आणि खांद्यावर टॉवेल घेतलेल्या, सत्तरीच्या पुढच्या एक ठेंगण्या बाई येताना दिसल्या. आपल्या दाराशी पोलीस आणि गर्दी पाहून त्या जागीच थबकल्या, मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पुडक्याकडे गेली आणि त्या स्वच्छ, ठसठशीत पुणेरी मराठीत म्हणाल्या, "अगं, शनिवारी येणार ते ठाऊक होतं, पण पोलीस कशाला बरोबर आणलास?"

मला धक्का बसला हे तर खरेच. पण त्याहून मोठा धक्का त्या गल्लीला बसला. त्या बाई तरुणपणी मराठी शिकण्यासाठी पुण्यात आमच्या बाईंच्या घरी राहिल्या होत्या, हे एवढ्या वर्षांच्या शेजारात तिथे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोणी कधी विचारलेच नव्हते. भारताची पत्रे पोहोचवणारे गृहस्थ तोंड उघडे ठेवून आमचे बोलणे ऐकत होते. पोलिसाने वही काढली आणि ही कोणती भाषा ते लिहून घेतले. नोंदवहीत त्याला काहीतरी कारण लिहायचे असावे. मग आम्हा सगळ्यांना आत बोलावण्यात आले, पोलीस मात्र ड्युटीवर असल्याने दारातच वाकून नमस्कार करून गेला. चहा झाला, खणाचे कापड उलगडून सगळ्यांच्या हातांतून फिरले, आणि दुकानदारीणबाईंनी त्याचे काठ आतून कसे विणले आहेत ते उलटून पाहिले. तुळशीबागेत आता काय भावाने काय मिळते याची चौकशी मला जपानमध्ये तासभर करून घ्यावी लागली.

एवढ्यात माझा बराच वेळ संपला आहे, म्हणून रविवारचे भराभर सांगते. शिंजुकू हे जगातले सर्वांत वर्दळीचे स्थानक समजले जाते, आणि बाहेर पडायला त्याला 200 हून अधिक वाटा आहेत. तिथे भेटीची जागा ठरवताना वाटेचे नावही ठरवून घ्यावे. जवळच टोकियोच्या शासकीय इमारतीच्या 45 व्या मजल्यावरून, 202 मीटर उंचीवरून, सारे शहर फुकट पाहता येते, तेव्हा उंच मनोऱ्यांच्या तिकिटांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. शिंजुकूतच नाकामुराया हे जुने दुकान आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना 1915 मध्ये याच दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढे ते त्या घरचे जावई झाले, आणि 1927 पासून तिथे भारतीय पद्धतीचा रस्सा मिळू लागला. तो कोंबडीचा असतो, हे शाकाहारी श्रोत्यांसाठी सांगून ठेवते. घरची आठवण फारच येत असेल, तर मेट्रोने निशी-कासाईला जावे; त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तो ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभागृहावर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते.

शेवटी तिकिटाचे. नागोयाहून सकाळी टोकियोला जाताना ई अक्षराचे आसन मागून घ्यावे, कारण फूजी पर्वत त्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताला, शिन-फूजी स्थानकाच्या आसपास दिसतो, आणि हिवाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे तो दिसण्याची शक्यता अधिक असते. रविवारी रात्री परतताना आसन कोणतेही चालेल, कारण तेव्हा बाहेर अंधार असतो. नमस्कार.