आधी ओझं, मग बंदूक

(दृश्य: पठाराचा सपाट माथा, तुटलेले कडे, खाली गर्द झाडी. आवाज फक्त वाऱ्याचा.)

कोलोरॅडोच्या वायव्य भागात फ्लॅट टॉप्स नावाचं पठार आहे. उंची दहा ते बारा हजार फूट. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. इथे गाडी जिथे लावून चालायला सुरुवात करायची, ती जागाच त्याहून तीन-चार हजार फूट वर. तरी सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. माथ्यावर लाव्हाचा तोच काळा बसाल्ट, तशाच सोंडा, तशाच घळी. फरक इतकाच, की इथल्या घळींमध्ये स्प्रूस आणि फरची झाडी आहे, आणि त्या झाडीत एल्क आहेत.

एल्क हे हरणांच्या कुळातलं जनावर, आपल्या सांबराचं आणि काश्मीरच्या हंगुलचं नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशे. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, पावणेतीन लाखांच्या घरात.

(दृश्य: डेन्व्हरजवळचं घर. जेवणाच्या टेबलावर पसरलेला नकाशा, भोवती चार मित्र.)

आम्ही चौघं. दोघं महाराष्ट्रातून आलेले, एक टेक्सासचा, आणि एक इथेच जन्मलेला, वडिलांबरोबर लहानपणापासून रानात गेलेला. पाठीवर तंबू घेऊन, रस्त्यापासून दूर मुक्काम करून एल्कची शिकार करायची, असं ठरलं. आम्हा तिघांची ही पहिलीच. साहजिकच पहिला प्रश्न बंदुकीचा निघाला. कुठली रायफल, कुठलं काडतूस, किती लांबून नेम धरायचा. आमचा इथला मित्र शांतपणे ऐकत होता. मग त्याने एवढंच विचारलं, "जनावर पडल्यावर गाडीपर्यंत आणणार कोण?"

पुढची सगळी आखणी या एका प्रश्नातून झाली. आजवर मी मराठीत शिकारीच्या ज्या गोष्टी वाचल्या, त्यात मचाण होतं, हाकारा होता, आणि जनावर उचलायला गावातली माणसं होती. इथे गाव नाही, हाकारा नाही आणि उचलायला दुसरं कोणी नाही.

हिशोब असा मांडायचा. मोठ्या नराची मागची एक मांडी हाडासकट तीस किलोच्या आसपास. पुढचा पाय वीस-पंचवीस. त्याशिवाय पाठीचे लांब मऊ तुकडे, मान, बरगड्यांवरचं मांस. हाडं काढली तरी ऐंशी ते शंभर किलो मांस हातात राहतं. एका माणसाच्या पाठीवरच्या ओझ्यात मोजलं तर पाच खेपा. जनावर गाडीपासून पाच किलोमीटरवर पडलं आणि माणूस एकटा असला, तर पाचदा भरलेला येणार आणि चारदा रिकामा जाणार. पंचेचाळीस किलोमीटर. तेही दहा हजार फुटांवर, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून, कदाचित बर्फातून.

आणि मांस मागे ठेवून येण्याची मुभा नाही. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार चारही पाय, पाठीचं मांस आणि आतल्या बाजूच्या मऊ पट्ट्या एवढं किमान माणसाच्या खाण्यासाठी काढावंच लागतं. शिंगं घेऊन बाकीचं रानात टाकणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी माझ्या मते वेगळं काही चाललं नसतं. इतकं मोठं जनावर मारायचं आणि पाय थकले म्हणून त्यातलं निम्मं कोल्ह्या-कावळ्यांना सोडायचं, हे ज्याला चालतं त्याने रानात जाऊच नये.

(दृश्य: ट्रॅपर्स लेक. पाण्यात मागच्या कड्याचं प्रतिबिंब. काठावर वाळून उभी राहिलेली झाडं.)

मग चाकाची गाडी का नेत नाही? कारण या पठाराच्या मोठ्या भागात चाकाला बंदी आहे. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या वनखात्यातल्या तरुण आराखडाकाराला या तळ्याभोवती रस्ता आणि बंगल्यांच्या जागा आखायला पाठवलं होतं. त्याने परत येऊन सांगितलं, इथे काही बांधू नका. खात्याने ते मानलं. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेने विल्डरनेस कायदा केला आणि १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सला त्याचं संरक्षण मिळालं. इथे मोटार नाही, सायकल नाही, यांत्रिक करवत नाही, मांस ओढायची दोन चाकी हातगाडीसुद्धा नाही. माणसाची पाठ, नाहीतर घोडा-खेचर. खेचरवाला हवा असेल तर वनखात्याची परवानगी असलेलाच लागतो, आणि त्याच्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवावं लागतं. हंगामात त्याचं प्रत्येक जनावर आधीच गुंतलेलं असतं.

त्याही आधीची गोष्ट सांगायलाच हवी. हा मुलूख युट या इथल्या मूळ रहिवाशांचा. १८७९ मध्ये मीकर गावाजवळच्या सरकारी ठाण्यावर संघर्ष पेटला आणि त्यानंतर इथल्या युटांना उचलून युटा राज्यात नेलं गेलं. पाठोपाठ आलेल्या खाणवाल्यांनी आणि बाजारासाठी मारणाऱ्या शिकाऱ्यांनी एल्क जवळजवळ संपवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपूर्ण राज्यात ते अगदी थोडे उरले होते. १९१३ आणि १९१४ मध्ये आज जिथे रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे, त्या भागात यलोस्टोनहून ४९ एल्क आणून सोडले. राज्यात इतरत्रही असेच कळप आणले गेले. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. आज आम्ही परवाना मागू शकतो तो या शंभर वर्षांच्या कामामुळे.

(दृश्य: नकाशावर पेन्सिल. गाडीतळाभोवती एक वाकडीतिकडी रेघ.)

टेबलावर त्या रात्री सगळ्यात जास्त वेळ गेला तो या रेघेवर. रेघेच्या आत गोळी झाडायची, बाहेर नाही, समोर कितीही मोठा नर उभा असला तरी. रेघ नुसत्या अंतराने काढता येत नाही. दोन किलोमीटरवरची खोल घळ चार किलोमीटरवरच्या सपाट धारेपेक्षा महाग पडते, कारण घळीतून प्रत्येक ओझं वर चढवावं लागतं. म्हणून समोच्च रेषा वाचत, चढ कुठे ओझ्यासह येतो आणि उतार कुठे मिळतो हे बघत रेघ आखली. दोन घळी जवळ असूनही बाहेर गेल्या. एक लांबची सोंड आत आली, कारण तिथून गाडीपर्यंत उतारच उतार.

उरलेल्या भागात एल्क कुठे असतील? पहाटे आणि संध्याकाळी ते कुरणात चरतात. दिवसा उत्तरेकडच्या उतारावरच्या अंधाऱ्या झाडीत बसून राहतात, कारण तिथे गारवा आणि आडोसा असतो. हंगाम उघडून बंदुकांचे आवाज सुरू झाले, की ते रस्त्यांपासून आणखी दूर सरकतात. म्हणून नकाशावर आधी कुरणं शोधायची, मग त्यांना लागून असलेली उत्तरेकडची झाडी, पाणी, आणि त्यांना जोडणाऱ्या बुटक्या खिंडी. राज्याच्या वन्यजीव खात्याचा शिकार-नकाशा इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. जिथे कुरण, झाडी आणि पाणी एकत्र येतात आणि जागा रेघेच्या आत आहे, अशा मोजक्याच ठिकाणी आम्ही खुणा केल्या.

त्यानंतर वारा. एल्कच्या डोळ्यांना एखादे वेळी चकवता येतं, नाकाला नाही. डोंगरात पहाटे गार हवा पाण्यासारखी उताराने खाली वाहते. ऊन चढलं, जमीन तापली, की तीच हवा उलटून वर चढू लागते. सूर्य मावळला की पुन्हा खाली. म्हणजे पहाटे कुरणाकडे खालच्या बाजूने जायचं आणि दुपारी झाडीतल्या जनावराकडे वरून उतरायचं. हवा उलटण्याच्या वेळी तर हलूच नये, कारण तेव्हा ती कुठेही फिरते. प्रत्येक खुणेशेजारी आम्ही लिहिलं, इथे पहाटे कुठून, दुपारी कुठून. तंबूची जागाही त्यावरूनच ठरली: कुरणावर आमचा वास उतरणार नाही अशी, आणि वाळून उभ्या असलेल्या झाडांपासून लांब. खोडकिड्याने मारलेली ही झाडं वाऱ्यात न सांगता कोसळतात.

(दृश्य: सुरी, सुती पिशव्या, दोरी, टॉर्च. प्रत्येक वस्तू एकेक करून टेबलावर.)

मांसाचा शत्रू उष्णता. एल्कची कातडी जाड, केस दाट. मागच्या मांडीच्या खुब्याजवळ आतली ऊब इतकी टिकते, की गार रात्रीसुद्धा मांस हाडापासून आंबायला लागतं. म्हणून वेळ न दवडता कातडी सोलायची. पोट न फाडता, जनावर कुशीवर ठेवून एका बाजूचे पाय आणि पाठ सोडवायची, मग उलटवून दुसरी बाजू. मांस हवा खेळेल अशा सुती पिशवीत घालायचं, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, आणि सावलीत फांदीला टांगायचं. तंबूपासून दूर टांगायचं, कारण काळी अस्वलं आहेत. नर की मादी याचा पुरावा एका पायाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो, तोही विसरायचा नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, पण शेवटच्या उजेडात झाडली तर हे सगळं टॉर्चच्या प्रकाशात करावं लागतं. शोध लागलाच नाही, तर जखमी जनावर रात्रभर तडफडतं. आम्ही ठरवलं, संध्याकाळी उजेड भरपूर असेपर्यंतच.

कपड्यांचं थोडक्यात. सुती कपडे घरी ठेवायचे, कारण भिजले की अंगातली ऊब शोषून घेतात. लोकर किंवा सिंथेटिक चालेल. रायफलच्या हंगामात अंगावर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी, हा कायदा आहे. मोबाइलला रेंज नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यायचं. डेन्व्हरच्या पाच हजार फुटांवर राहणाऱ्यालाही दहा हजारांवर डोकं दुखू शकतं, मळमळू शकतं. हंगामाच्या निदान एक दिवस आधी वर पोहोचायचं, आणि कोणाला त्रास वाढला तर सगळ्यांनी खाली उतरायचं.

(दृश्य: वर्ग. फळ्यासमोर बसलेली माणसं, वेगवेगळ्या वयाची.)

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी आता एक फार महत्त्वाची गोष्ट. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही, काडतूससुद्धा नाही. मित्राची रायफल हातात घेऊन सरावाला गेलात तरी कायदा मोडतो. याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. म्हणून क्रम चुकवू नका. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. आधी तो वर्ग, मग परवाना, त्यानंतरच बंदुकीला हात. शंका असेल तर वकिलाला विचारा. इथे अंदाजाने चालून उपयोग नाही, व्हिसा पणाला लागतो.

सहा महिने राज्यात राहिलेल्याला रहिवाशाचा दर मिळतो. बाहेरच्या माणसाला नर एल्कचा परवाना आठशे डॉलरच्या वर जातो. परवान्यांच्या सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची खात्याची पुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर अर्ज. चौघे वाकून बघताहेत.)

अर्ज भरताना खरा वाद झाला. चौघे जाणार, म्हणजे चार परवाने, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण चार परवाने म्हणजे चार जनावरं पडण्याची शक्यता, म्हणजे वीस ओझी. राज्यभरात एल्कच्या शिकारीत यश मिळतं साधारण पाचांतल्या एकाला. तेव्हा चारही पडण्याची भीती कशाला, असं एकाचं म्हणणं. त्यावर दुसरा म्हणाला, "एकाच सकाळी कळप समोर आला तर? तेव्हा थांबवणार कोण कोणाला?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

शेवटी दोनच परवाने मागायचं ठरलं, तेही मादीचे. मादी वजनाने हलकी, मांस मऊ, आणि शिंगांचा मोह नाही. गट म्हणून एकच अर्ज, म्हणजे मिळाले तर दोघांनाही, नाहीतर कोणालाच नाही. पहिली मादी पडली की दुसऱ्याची रायफल तंबूत, पहिलीचं शेवटचं ओझं गाडीतल्या बर्फाच्या पेटीत जाईपर्यंत. मांसाचे चार सारखे वाटे, गोळी कोणाचीही असो. आणि वाटे खायला काढण्याआधी एक तपासणी. हरणांच्या कुळातल्या जनावरांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग १९६७ मध्ये याच राज्यात पहिल्यांदा दिसला. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेलं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, आणि निकाल येईपर्यंत मसाल्याचं वाटण वाटणाऱ्याने धीर धरायचा.

(दृश्य: किराणा दुकान. तांदळाच्या वीस पौंडी पिशव्या ट्रॉलीत.)

जुलैत वरचा बर्फ वितळला की आम्ही चौघं पठारावर जाणार आहोत, बंदुकीशिवाय. प्रत्येकाच्या सॅकमध्ये तीन पिशव्या तांदूळ, म्हणजे सत्तावीस किलो. नकाशावरच्या रेघेपर्यंत ते न्यायचे, तिथून गाडीपर्यंत परत आणायचे, आणि घड्याळ लावायचं. त्याच दिवशी दुसरी खेपही करायची. ती ज्याला जमणार नाही, त्याला कोणी बोल लावायचा नाही. रेघ गाडीच्या जवळ ओढायची.