लिअरने वाटलेली जमीन कोणाची होती?

नमस्कार मंडळी. शेक्सपिअरचा किंग लिअर म्हटलं की आपल्याला आधी अप्पा बेलवलकर आठवतात. १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आलं आणि कुसुमाग्रजांनी लिअरची व्यथा मराठी घरात आणून बसवली. पण अप्पा पोरांना देतात ते स्वतः कमावलेलं. लिअर मात्र आपल्या मुलींना देश वाटतो. नकाशा मागवतो, त्यावर बोट फिरवतो, इथपर्यंत तुझं, इथून पुढे हिचं. आणि अख्ख्या नाटकात त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, ही जमीन वाटायचा अधिकार तुला दिला कोणी?

हा प्रश्न विचारला गेला मेलबर्नच्या माल्टहाउस थिएटरमध्ये, २०१३ साली. नाटक 'द शॅडो किंग'. आदिवासी नट टॉम ई. लुईस आणि दिग्दर्शक मायकेल कँटर यांनी लिअरला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत नेलं. लिअर झाले स्वतः लुईस. रंगमंचभर लाल माती, आणि खाणीतल्या ट्रकसारखं एक धूड दिवे रोखून उभं. जमिनीखाली खनिज आहे, म्हणून वरच्या जमिनीला भाव, म्हणून घरात भांडण.

सगळे नट आदिवासी आहेत, त्यामुळे गोरा खलनायक समोर येतच नाही. मला हे फार धाडसाचं वाटतं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना निष्कलंक दाखवायचा मोह मोठा असतो. इथे बाप अहंकारी आहे, पोरी लोभी आहेत, आणि तरी हा लोभ कोणामुळे घरात शिरला ते लपत नाही.

पात्रं बोलतात इंग्रजी, आदिवासी भाषा आणि क्रिओल. क्रिओलबद्दल थोडं सांगायलाच हवं. लुईस उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडच्या कडेला असलेल्या नुकुर गावचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भागात गुरांच्या कंपन्यांनी चराऊ रानांसाठी माणसं अक्षरशः टिपून मारली. जे वाचले त्यातले बरेच जण १९०८ मध्ये सुरू झालेल्या रोपर रिव्हर या ख्रिस्ती मिशनच्या आसऱ्याला आले. जमाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. त्यांच्या मुलांनी एकमेकांशी बोलता बोलता क्रिओल घडवली. ते मिशन म्हणजेच आजचं नुकुर. या लिअरच्या तोंडची भाषाच मुळात हुसकावलेल्या माणसांची आहे.

आता कायद्याचं बघा. इंग्रज आले तेव्हा हा देश बेवारशी नव्हता, हे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने मान्य केलं १९९२ मध्ये, माबो खटल्यात. हे तिथलं सर्वोच्च न्यायालय. पुढच्या वर्षी आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदाही आला. पण हक्क हवा असेल तर कोर्टात सिद्ध करायचं, की या जमिनीशी आमच्या परंपरेचं नातं कधी तुटलंच नाही. ज्यांना बंदुकीच्या धाकाने हाकललं त्यांनी हे कुठून दाखवायचं? यॉर्टा यॉर्टा हे तिथलेच आदिवासी लोक २००२ मध्ये हायकोर्टात याच मुद्द्यावर हरले.

आणि लिअरचा पहिला प्रवेश काय आहे? प्रेम किती ते बोलून दाखवा, मग जमीन देतो. धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, ते जमत नाही, आणि तिच्या वाट्याला काहीच येत नाही. यॉर्टा यॉर्टांचा खटला कळल्यापासून मला हा प्रवेश नुसता बापलेकींचा वाटत नाही.

विंदा करंदीकरांनी लिअर मराठीत आणलाय. तेवढा प्रवेश काढून वाचा आणि खाली कमेंटमध्ये लिहा, तिने बोलायला हवं होतं का?