‘सातारा हून’ आलेली हळद

मिरजेहून आलेले कोण कोण आहात? हात वर करा. बरं. ‘मिरजहून’ कोण आलंय, असं विचारलं असतं तर हसला असता. आमचं अ‍ॅप असंच बोलायचं, आणि तेही सांगलीच्या मार्केट यार्डात, ऐन हळदीच्या सौद्यात.

कुठल्या गावची किती पोती आली, कुठल्या अडत्याकडं उतरली, काय दरानं गेली आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी, एवढंच अ‍ॅपचं काम. आधी सगळं इंग्रजीत होतं. ‘फ्रॉम’ आणि गावाचं नाव असे दोन तुकडे कोडमध्ये जोडलेले. मराठी करताना ‘फ्रॉम’ काढून मागं ‘हून’ चिकटवलं. सांगलीहून ठीक निघालं. पुढं साताराहून, मिरजहून, पुणेहून! एका हमालानं वाचून विचारलं, “हे लिवलंय कुणी, पावण्यानं काय?”

आपल्याकडं प्रत्ययाआधी सामान्यरूप होतं : साताऱ्याहून, मिरजेहून, पुण्याहून. त्याचे नियम जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहायला बसलात तर कोल्हापूरला येऊन अडाल, कारण ‘कोल्हापूरहून’ म्हणणारे आहेत तसे ‘कोल्हापुराहून’ म्हणणारेही आहेत. मग एकतर भाषांतरं ठेवायच्या जेसन (JSON) फाइलमध्ये प्रत्येक गावाचं हे रूपही साठवा, नाहीतर वाक्यच बदला. मी बदललं. ‘आवक : सातारा’. अडत दुकानाच्या वहीत शोभेल असं. पळवाट म्हणा हवं तर.

तुकडे जोडणं मात्र कायमचं बंद केलं. एका किल्लीखाली, म्हणजे कोडमधल्या एका नावाखाली, अख्खं वाक्य, त्यात नाव-आकड्यासाठी रिकामी जागा. ती कुठं ठेवायची ते भाषांतर करणारा ठरवेल. गाडी ‘आली’ आणि ट्रक ‘आला’ हेही मग त्यालाच सांभाळता येतं. त्यासाठी तयार कोडची लायब्ररी कुठली, यावर भांडू नका.

एक पोतं, दोन पोती : इथं मराठीला दोन रूपं पुरतात, जपानीला एकच, अरबीला सहा. म्हणून ‘एक असेल तर हे, नाहीतर ते’ असं कोडमध्ये लिहू नका; जावास्क्रिप्टमध्येच भाषांसाठी असलेल्या ‘इंटल’ (Intl) या भागातल्या प्लुरलरूल्सला, म्हणजे अनेकवचनाच्या नियमांना, विचारा.

इंटलचं पहिलं मानक २०१२चं. त्यातल्या नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ (mr-IN, भारतातली मराठी) सांगितलं की सव्वा लाख १,२५,००० असा देवनागरीत, आपल्या स्वल्पविरामांसह येतो. आम्ही खूश! तोच आकडा दुरुस्तीच्या रकान्यात भरला, तिथून परत वाचला, आणि पट्टीवर रकमेच्या जागी ‘एनएएन’ (NaN), म्हणजे ‘हा आकडाच नाही’. स्वल्पविराम काढूनही तेच. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ देवनागरी अंक ओळखतच नाही. शेतकरी विचारतोय, हा कसला दर? आता आकडा आत घेतानाच इंग्रजी अंकांत बदलतो, साठवतोही तसाच. देवनागरी फक्त पडद्यावर आणि पट्टीवर.

सध्या कन्नड सुरू आहे, कारण कर्नाटकातूनही हळद इथं येते. विभक्ती तिथंही आहेच. वाक्यं वाचून बघायला माणूस हवाय. घरी कानडी बोलणारं कुणी असेल तर चहाला थांबा.