कल्पनांना पेव फुटतं तेव्हा

नमस्कार! आज मी सांगलीजवळ हरिपूरला आलेय. माझ्या मागे कृष्णा-वारणेचा संगम आहे. लिहिणाऱ्यांना छळणाऱ्या एका गोष्टीवर बोलायचंय आणि त्यावरचा माझा उपाय मला याच गावात सापडला.

तुम्ही एक कथा लिहिताय. आठ-दहा पानं झालीत. एका रात्री भांडी घासताना भलतीच कथा सुचते, आणि ती इतकी लख्ख दिसते की हातातली एकदम फिकी वाटायला लागते. माझं हे झालंय. एका दिवाळी अंकासाठी जूनमध्ये कथा लिहायला घेतली होती. त्यातली बाई सांगलीच्या एसटी स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, एवढ्यावर ती सोडली आणि दुसरी धरली. मग तिसरी. ऑगस्टमध्ये संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्याकडे तीन सुरुवाती होत्या, कथा एकही नव्हती. त्या बाईला तसंच बसवून ठेवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या बाईनं गाडीत चढायचं की घरी परत जायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. दुसरी कथा सुचली ती नेमकी तेव्हा. नव्या कथेत अजून काहीच ठरवायचं नसतं, म्हणून ती देखणी दिसते. तुमची कल्पना कुठल्या पानावर सुचली ते एकदा तपासून बघा. बहुतेक वेळा हातातलं काम तिथेच अडलेलं असतं.

मग सुचलेलं सोडून द्यायचं? मुळीच नाही. हरिपूर हळदीच्या पेवांचं गाव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. आत पाल्याचं अस्तर लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, फार नुकसान झालं, आणि आता बरीचशी हळद गोदामांत जाते. पण कल्पना ठेवायची ती अशीच, असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. ही बघा. कल्पना सुचली की तारीख टाकते. मग दोन ओळी: यात मला काय भावलं आणि लिहायला बसले तर पहिला प्रसंग कुठला. ही दुसरी ओळ टाळू नका. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रयोगांतून दाखवलं, की अपुऱ्या कामाचा नेमका बेत आखला तरी ते डोक्यात घोळायचं कमी होतं. काम पूर्ण झालेलं नसलं तरीही. नुसतं 'आजीवर कथा' लिहिलंत तर आजी रात्रभर झोपू देणार नाही. 'आजी तिजोरीची किल्ली शोधतेय, पहाटे' असं लिहा.

वही मिटली की पेव लिंपलं. हातातला पहिला खर्डा शेवटापर्यंत गेल्याशिवाय मी ती उघडत नाही. कच्चा चालेल, पण शेवटापर्यंत.

आणि पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. आत प्राणवायू कमी असतो, जीवावर बेततं. तोंड उघडं ठेवून थांबतात. मीही वही उघडली की त्या दिवशी फक्त वाचते, लिहायला घेत नाही. दुसऱ्या दिवशीही जी ओळ आठवते, तीच बाहेर काढते. बाकीच्या राहू देत तिथेच.

याच हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. जन्म 1855 चा. त्यांनी नाटकं लिहिली सातच, पण ती शेवटापर्यंत नेली. 1899 ची 'शारदा' अजून लोकांच्या ओठांवर आहे.

ती स्टँडवरची बाई मी गेल्या महिन्यात परत हातात घेतलीय. ती गाडीत चढली. तासगावची गाडी होती. पुढचं अजून लिहायचंय. वहीत त्यानंतर चार नव्या नोंदी पडल्यात, आणि वही मिटलेली आहे.