आज काय गावला? : देवबागच्या खानावळीतलं जेवण

(पडद्यावर: सकाळ. देवबागचा अरुंद रस्ता. माडांच्या फटींतून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी.)

मालवणहून तारकर्ली मागे टाकून दक्षिणेला निघालं की जमीन निमुळती होत जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर देवबाग. नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव संपतं. रस्त्याच्या कडेने गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, पाट्या दिसत राहतात: 'घरगुती मालवणी जेवण मिळेल', 'राहण्याची सोय आहे', आणि खाली मोबाईल नंबर.

पाटीच्या मागे असतं ते राहतं घर. पुढे खळं, म्हणजे अंगण, खळ्यात तुळस, पडवीत चार टेबलं. हात धुवायचा नळ माडाच्या आळ्याजवळ, कारण खरकट्या हातांचं पाणीसुद्धा इथे वाया घालवत नाहीत, ते माडाला जातं. माजघराच्या दारातून काकी बाहेर येतात आणि पहिला प्रश्न त्याच विचारतात.

"किती जणा आसात? जेवूक किती वाजता बसतालास?"

मेन्यूकार्ड इथे नाही. असावं असा काहींचा आग्रह असतो. आमचं मत उलट आहे. या खानावळीत जे काही चांगलं आहे, ते कार्ड नसल्यामुळेच टिकून आहे.

(पडद्यावर: किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं. दोरीवर एकामागे एक हात.)

आज ताटात काय येणार, ते पहाटे इथे ठरलं. ही रापण. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. तास-दोन तासांची ओढाताण असते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, आणि दोरीला हात लावणारा पाहुणाही सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. रापण नसेल त्या दिवशी मालवणच्या बंदरावरचा लिलाव. तिथे मासा हातात घेऊन, कल्ला उघडून, लाल आहे की काळवंडला आहे ते बघूनच घेतात.

पाऊस सरल्यावर बांगडा येतो. मग तारली, पेडवे. पापलेट आणि सुरमई, म्हणजे इथल्या बोलीतली इसवण, मिळते तेव्हा मिळते. पण मुंबई-पुण्याची गाडी अंगणात थांबली की पहिली मागणी सुरमईच्या थाळीची असते, मग महिना कोणताही असो. गिऱ्हाईक मोडायचं नाही म्हणून काही ठिकाणी बर्फातली सुरमई ठेवावी लागते. आणि त्याच वेळी चुलीजवळच्या टोपलीत तासाभरापूर्वी आलेले चकचकीत बांगडे पडलेले असतात! मनाला लागावी अशी गोष्ट आहे ही. या स्वयंपाकाचं खरं कसब स्वस्त, तेलकट मासळीतच दिसतं.

(पडद्यावर: तळहातावर तिरफळं. अगदी जवळून.)

हे तिरफळ. मिरीपेक्षा थोडं मोठं, सुकल्यावर तोंड उघडलेलं. आतली काळी बी कडू, ती काढून टाकायची. उपयोगाची ती वरची साल. सिचुआन मिरी म्हणून जी ओळखली जाते, तिच्याच कुळातलं हे झाड. दाताखाली आलं तर जिभेला झिणझिण्या येतात. काकी सात-आठ तिरफळं घेतात, वरवंट्याखाली नुसती चेचतात आणि कालवणाला कढ येत असताना टाकतात. वाटणात बारीक वाटली तर कडवट होतात. खायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. बांगड्याच्या तेलकट, उग्र वासाला हे तिरफळ असं काही आवरतं की त्याच्याशिवाय बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, इथे कोणी करायचं म्हणत नाही. पापलेटाला मात्र ते लागत नाही, तो मुळातच सौम्य.

आंबटपणा कोकमाचा. एप्रिल-मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात आणि पाऊस पडायच्या आत त्यांचा निकाल लावावा लागतो. साली सोलून मीठ लावून उन्हात वाळवायच्या, सुटलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. झाली आमसुलं. मिठात मुरलेला रस म्हणजे आगळ, तो बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

(पडद्यावर: चूल. करवंट्यांचा जाळ. तव्यावर खोबरं परततंय.)

चुलीत करवंट्या, सोडणं, चुडतं, म्हणजे माडाचंच सगळं. खोबरं आणि कांदा भाजताना काकी बोलत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खोबरं उतरवल्यावरच मिळतं. कारण तांबूस आणि करपलेलं यांत फार अंतर नसतं, आणि करपलेलं वाटप रस्सा काळा करतं, कडू करतं. कोंबडीच्या रश्श्याला आधी आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण, मग हे भाजलेलं वाटप, आणि घरी केलेला मालवणी मसाला. तो मसाला मे महिन्यात, ऊन कडक असताना, वर्षभराचा करून ठेवलेला.

वड्यांचं पीठ आदल्या रात्री भिजलं. तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, थोडे गहू, धणे, मेथी, सगळं रवाळ दळलेलं. कोमट पाण्यात मळून, पिठात कांद्याची फोड खुपसून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी गोळा घेऊन थापायचा, मध्ये बोटाने भोक पाडायचं आणि कढईत सोडायचा. वडा फुगतो, आणि फुगलेला वडा ताटात पडेपर्यंत फुगलेला राहिला पाहिजे. म्हणून वडे पाहुणे पानावर बसल्याशिवाय तळत नाहीत.

"वायच थांबा, वडे तळतंय!"

बारा वाजता येतो सांगून दोनला येणाऱ्यांमुळे इथे काय होतं, ते आता लक्षात आलं असेल. कढई दोनदा तापते, भात गार होतो, आणि घरची माणसं पाहुण्यांआधी जेवत नाहीत.

(पडद्यावर: भरलेलं ताट. वरून.)

उकड्या तांदळाचा भात. बांगड्याचं तिखलं. रव्यात घोळवून तळलेली एक तुकडी. ओहोटीला कर्लीच्या पात्रात हाताने वेचलेल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, ओल्या खोबऱ्यात माखलेलं. कोंबडी-वडे वेगळे सांगितले असतील तर ते. मासे न खाणाऱ्याला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, आणि ती काही दुय्यम सोय नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ मागून घ्या. काजूगर सोलताना चिकाने बोटं भाजतात, सालं निघतात, आणि तरीही ही उसळ इथे हौसेने होते.

शेवटी सोलकढी. नारळाचं पहिलं दाट दूध, आगळ, चेचलेली लसूण, हिरवी मिरची. विस्तव नाही, उकळी नाही. बाटलीतली गुलाबी सोलकढी दिसायला हुबेहूब अशीच, पण दूध काढून तासभरच झालेल्या सोलकढीची चव तिला येत नाही.

"आजून वायच भात घे रे झिला." नको म्हणायच्या आत भात पडलेला असतो.

(पडद्यावर: दुपार. पडवीतली टेबलं पुसणारे हात.)

या पडवीमागे एक उलटा प्रवास आहे. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि गिरणगावात खानावळीवर जेवली. त्या खानावळी बायका चालवत. अशाच खानावळवाल्यांची संघटना म्हणून 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडावं म्हणून. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावच बदललं. पुढे सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मुंबईचा माणूस जेवायला इथे येऊ लागला. इथेही चूल बायकांच्याच हातात आहे. अंगणात गाडी कुठे लावायची ते घरातला पुरुष सांगतो, हिशेबाची वही मात्र काकींच्या उशाशी असते.

काळजीही आहे. मासळीच्या थव्याला वेढून खालून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी रापणीत पूर्वीसारखी मासळी येत नाही ही किनाऱ्यावरची तक्रार मिटलेली नाही. रापण रिकामी आली तर त्या दिवशी पडवीतल्या ताटातही फरक पडतो, आणि तो इथे लपवत नाहीत.

जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौका किनाऱ्याला. तेव्हा येणाऱ्याला सुके बांगडे, सुकट, कुर्ल्या, अळू, टाकळा, फणसाच्या आठळ्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की मासेमारीचा हंगाम पुन्हा जोर धरतो, आणि दिवाळीच्या सुट्टीचे फोन सुरू होतात.

फोन केलात तर माणसं किती, वाजता किती, आणि कोणाला काय चालत नाही, एवढं आदल्या दिवशी सांगा. मासा कोणता, ते सकाळी कळेल.